निरोप द्यायचा राहून गेला

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये बुधवारी दुपारी दुकानं बंद होत. गिरण्या चालूच असत, धुराडी नेहमीसारखी काळं ओकत असत, पण भर बाजारात काचांमागचे पडदे ओढले जात आणि दुकानदारांना अर्धा दिवस मोकळा मिळे. कुणी चॅपेलच्या कामाला लागे, कुणी कबुतरं उडवी. सेप्टिमस क्लेग या औषधविक्रेत्यानं आपल्या मंत्रविद्येच्या मंडळासाठी बुधवार निवडला, त्याला दोन कारणं होती. एक तर बुधवार हा बुध ग्रहाचा, आणि वाणी आणि विद्या बुधाच्या ताब्यात. दुसरं म्हणजे एरवी त्याला दुकान सोडून हलता येत नसे. पहिलं कारण तो सगळ्यांना ऐकवी. दुसरं सगळ्यांना माहीतच होतं.

मंडळ भरे ते लोकरीच्या एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खालचे गठ्ठे कधीच गेले होते, पण मेंढीच्या चरबीचा वास भिंतींनी सोडला नव्हता. धूप कितीही जाळा, थोड्या वेळानं तो वास पुन्हा वर येई. जमणारी माणसं साधीच होती. एक दातांचा डॉक्टर, दोन अविवाहित बहिणी, ऑर्गन वाजवणारा एक गृहस्थ आणि विनिफ्रेड हॉल्डस्वर्थ.

विनिफ्रेडचा नवरा अँब्रोझ लोकरीची खरेदी करी. चॅपेलला नेमानं जाणारा, सरळ, प्रेमळ माणूस. बायको बुधवारी शिवणमंडळात जाते, आफ्रिकेतल्या मुलांसाठी झबली शिवते, असं तो समजून होता. शिवायची ती खरंच. मंडळाचे झगे तिनं शिवले होते, पट्ट्यांवर कशिदा तिनं भरला होता. लग्नाआधी ती शाळेत शिकवत असे, लॅटिन तिला बरं येई. चॅपेलमध्ये बायकांनी चहा ओतायचा आणि स्तोत्रं गायची, एवढंच. इथे तिच्या हातात धूपपात्र होतं, आणि देवदूतांची नावं खणखणीत आवाजात उच्चारायचा मान होता.

तिचा विश्वास मात्र नव्हता. ही विद्या कुठून आली असं कुणी विचारलं की क्लेग सुलेमान राजाचं नाव घेई. विनिफ्रेडला ते पटत नसे. क्लेगनं लंडनला जाऊन जुन्या हस्तलिखितांवरून जे उतरवून आणलं होतं ते तिनं नीट वाचलं होतं. ज्यूंची पवित्र नावं ग्रीक लेखनिकांनी मोडून ठेवलेली. भुतं हाकलायच्या लॅटिन प्रार्थना, त्या कुणा मठवाल्यानं उलट्या करून भुतं बोलवायला वापरलेल्या. त्यावर अलीकडच्या लोकांनी संग्रहालयातली चित्रं पाहून चढवलेले इजिप्तचे कपडे. सगळी ठिगळांची गोधडी. पण गोधडी सुंदर होती, आणि प्रत्येक ठिगळ कुठून आलंय हे ओळखण्यात तिला गंमत वाटे.

त्या हिवाळ्यात क्लेगनं आवाहन करायचं ठरवलं. बुधाच्या अमलाखालच्या एका शक्तीला समोर बोलवायचं, प्रश्न विचारायचे आणि खरी उत्तरं घ्यायची. आपण उभं राहायचं वर्तुळात. येणाऱ्यानं उभं राहायचं वर्तुळाबाहेरच्या त्रिकोणात. तो त्रिकोण विनिफ्रेडनं जाड दुहेरी काळ्या लोकरी कापडावर रुपेरी धाग्यानं भरला होता.

पडदे ओढले. दालचिनी आणि डिंकाचा धूर कोंदला. क्लेगनं हेझलच्या लाकडाची छडी उचलून हाक दिली, मग दुसरी, मग धमकीची तिसरी. ये, दिसेल अशा रूपात ये, विचारलेल्याचं खरं उत्तर दे, आणि मी निरोप देईपर्यंत जागेवरून हलू नकोस. विनिफ्रेड त्रिकोणाकडे बघत राहिली. धूर तिथे थोडा दाट वाटला, पण धूर सगळीकडेच दाट होता. एक बहीण खोकायला लागली. डॉक्टरांच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं, आणि ऑर्गनवाल्याला हसू आवरेना.

"आला वाटतं," तो म्हणाला.

क्लेगनं छडी खाली केली. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"पडदे उघडा," तो म्हणाला.

"पण निरोपाचा मंत्र राहिलाय," विनिफ्रेड म्हणाली. "शेवटी तो म्हणायचाच असतो ना?"

"कुणी आलंच नाही, भगिनी. निरोप कुणाला द्यायचा, या धुराला?"

सगळे हसले. तीही हसली. कापडावर मेणबत्तीचं मेण सांडलं होतं, म्हणून तिनं ते घडी करून घरी नेलं.

*

घरी तिची सासू होती. तबिथा हॉल्डस्वर्थ. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून त्या शेगडीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत असत. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. त्याआधी त्यांच्या जिभेला अख्खी गल्ली भिऊन असे. सुनेनं केलेला चहा, सुनेचं वाचन, सुनेची रिकामी कूस, कशालाही त्यांनी सोडलं नव्हतं. आता त्या नुसत्या बघत. ते बघणं विनिफ्रेडला बोलण्यापेक्षा जड जाई. तरी ती त्यांचं सगळं करी, अंग पुसण्यापासून घास भरवण्यापर्यंत.

तिनं मेण काढलं, कापड इस्त्री केलं आणि कपाटात वर ठेवलं. शनिवारी कडाक्याची थंडी पडली. ती बाजारातून परत आली तेव्हा बैठकीच्या खोलीत अँब्रोझ आईच्या पायाशी गुडघ्यांवर बसला होता, आणि रडत होता.

"विनी! अगं आई बोलली!"

आईंच्या मांडीवर काळं कापड पसरलेलं होतं, त्रिकोणाची रुपेरी नक्षी आतल्या बाजूला.

"थंडी वाजत असेल म्हणून कपाटातलं हे जाड काढून घातलं. सहज विचारलं, आता ऊब आली का? तर म्हणाली, आली. अगदी स्पष्ट! ऐक हं. आई, मी कोण?"

"अँब्रोझ," आई म्हणाल्या.

आवाज त्यांचाच होता. थोडा घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. विनिफ्रेडच्या हातातली टोपली हळूहळू जमिनीला टेकली.

"आणि ही कोण?"

"विनिफ्रेड. धूपवाली."

"काय म्हणाली?" अँब्रोझ हसला. "धुणंवाली? आल्या आल्या सुरुवात झाली बघ हिची!"

विनिफ्रेडनं त्या रात्री कापड काढून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या चुलीत जाळलं. लोकर जळल्याचा घाण वास घरभर पसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी अँब्रोझनं खोलीत शिरताच विचारलं, "झोप लागली का, आई?"

"नाही," आई म्हणाल्या.

*

घरचे नेहमीचे डॉक्टर आले, त्यांनी डोळे बघितले, गुडघ्यांवर टिचक्या मारल्या आणि असं कधीकधी होतं असं सांगून गेले. अँब्रोझ हवेत तरंगत होता. लोकरबाजारातून धावत घरी येई, ओव्हरकोटही न काढता आईसमोर स्टूल ओढून बसे आणि विचारत सुटे. लहानपणी आपल्याकडे कुत्रा होता त्याचं नाव काय? बाबा कुठल्या गाण्यावर नाचायचे? आई सगळं सांगत. बरोबर सांगत.

पण आपणहून त्या एक शब्द बोलत नसत. विचारलं तर उत्तर. विचारलं तेवढंच उत्तर. विनिफ्रेडनं या बाईबरोबर आठ वर्षं काढली होती. एका प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याचं तिला आठवत नव्हतं. मीठ कुठे ठेवलंय विचारलं तर तुझ्या आईनं तुला काय शिकवलं इथपर्यंत गाडी जाई. आता टोमणा नाही, कुरकुर नाही. अँब्रोझला हे दिसत कसं नाही, असं तिला वाटे. मग वाटे, त्याला नकोच असेल बघायला.

रविवारी चॅपेलहून आल्यावर ते चहाला बसले होते. अँब्रोझ आईला पार्किनचा, आल्याच्या केकचा, तुकडा भरवत होता.

"आई, बरं वाटतंय ना तुला?"

आईंनी मान किंचित मागे कलती केली. खुर्चीमागे कुणी वाकलं असावं, तशी. क्षणभर त्या तशाच राहिल्या.

"पाय गार पडलेत म्हणते," त्या म्हणाल्या.

अँब्रोझ मोठ्यानं हसला. "म्हणते! कोण म्हणते, राणीसरकार?" त्यानं त्यांच्या पायांवर शाल ओढली. हसत हसतच पुढे म्हणाला, "बरं, तुला सगळं ठाऊक असतं तर एक सांग. ही विनी बुधवारी जाते कुठे?"

"लोकरीच्या गोदामावरच्या खोलीत."

"चॅपेलमागच्या खोलीत, आई. शिवणमंडळ तिथे भरतं."

आई गप्प. तो प्रश्न नव्हता.

अँब्रोझनं पार्किनचा दुसरा तुकडा मोडला. "आणि तिथे जाऊन ही करते तरी..."

विनिफ्रेडनं चहाची किटली हातातून सोडली. उकळता चहा टेबलावरून तिच्या झग्यावर आला, मांडी भाजली, आणि तिला बरं वाटलं. अँब्रोझ भाजलेल्या जागी लावायला लोणी आणायला धावला. प्रश्न तिथेच राहिला. आई भिंतीकडे बघत होत्या, उरलेला अर्धा प्रश्न पुरा व्हायची वाट बघत असल्यासारख्या.

त्यानंतर तिचं घरातलं उठणंबसणं बदललं. अँब्रोझ आईजवळ बसला की ती खोलीतून हलत नसे. एखादा प्रश्न नको त्या दिशेला वळतोय असं दिसलं की ती मध्येच काहीतरी बोले, खुर्ची ओढे, खोके. रात्री ती दोघांच्या खोलीचं दार आतून लावून घेई. खाली कुणी चालत नव्हतं, काही वाजत नव्हतं. विचारल्याशिवाय काहीच होत नव्हतं, आणि तिला नेमकी त्याचीच धास्ती वाटे.

*

एका दुपारी घरात दोघीच होत्या. धुक्यामुळे दिवसा दिवा लावावा लागला होता. विनिफ्रेड सूप भरवत होती. आई गिळत होत्या, तिच्याकडे बघत होत्या. चमचा खाली ठेवून ती अचानक म्हणाली,

"सासूबाई कुठे आहेत?"

"इथेच," आवाज म्हणाला. "माझ्यामागे उभ्या आहेत."

विनिफ्रेडनं खुर्चीमागे बघितलं. भिंतीवरचा हिरवा वॉलपेपर, त्यावर दिव्याचा उजेड.

"त्यांना काय होतंय?"

"दमल्यात. आधी एकाच पायावर भार टाकून उभ्या होत्या, आता दोन्ही दुखतात."

"त्या काही बोलतात का?"

"तुम्हाला हाका मारताहेत."

तिला तुम्ही म्हणालं होतं ते. या घरात तिला तुम्ही कुणीच म्हणत नसे.

"मला? अँब्रोझला नाही?"

"त्याला आधी मारल्या. तो बघत नाही म्हणून आता तुम्हाला."

विनिफ्रेड उठली. सुपाचा वाडगा तसाच राहिला. टोपी न घालता, केस विसकटलेले, ती धुक्यातून क्लेगच्या दुकानापर्यंत चालत गेली. गिऱ्हाईकं असताना काउंटरवर वाकून तिनं त्याला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. क्लेग खोकल्याच्या गोळ्या पुडीत बांधत होता. त्याचे हात थांबले.

"मनाचे खेळ असतात, मिसेस हॉल्डस्वर्थ," तो म्हणाला.

"मग येऊन खेळून बघा."

*

तो बुधवारीच आला. अँब्रोझ लोकरबाजारात होता. छडी त्यानं छत्रीत लपवून आणली होती आणि झगा नव्हता, दुकानाचाच कोट होता. दारात त्यानं पाय पुसले, ते जरा जास्तच वेळ पुसले.

"नमस्कार, मॅडम," तो आईंना म्हणाला. उत्तर आलं नाही. "कशा आहात?"

"कोण, मी की ती?"

क्लेगनं विनिफ्रेडकडे बघितलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"तुम्हीच बोलावलंत," ती म्हणाली. "आता घालवा."

त्यानं खडूनं गालिच्याभोवतीच्या फळ्यांवर वर्तुळ काढलं. ते एका ठिकाणी कोळशाच्या बादलीमुळे अडलं, बादली हलवून त्यानं ते जोडलं. दोघं आत उभे राहिले. त्यानं कागद उघडला आणि वाचायला लागला. हे शक्ती, तू माझ्या हाकेला ओ दिलीस. आता माणसाला, जनावराला, कशालाही इजा न करता जिथून आलीस तिथे परत जा. तुझ्यामाझ्यात सलोखा असो. जा, मी तुला निरोप देतो.

शेगडीतला निखारा खाली घसरला.

"कुणी जायचं?" आवाज म्हणाला.

क्लेगनं कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं.

"हे... हे यात नाहीये."

"हाकेला ओ दोघींनी दिली," आवाज म्हणाला. "तुमच्या हाकेला मी. मुलाच्या हाकेला ती. तो रोज आई म्हणून हाक मारतो, आणि ती रोज ओ देते. कुणी जायचं?"

क्लेग कागदावर पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला लागला.

विनिफ्रेडला खुर्चीमागची ती रिकामी हिरवी भिंत दिसत होती. तिथे एक म्हातारी बाई उभी आहे, पायांवर उभी राहून दमलेली, आणि आपल्याला हाका मारते आहे, असं तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. आठ वर्षांचं सगळं मागे पडलं. तिला नुसती दया आली.

"आईंना जागा दे!" ती ओरडली. "किती दिवस उभं ठेवलंयस त्यांना! त्यांना बसू दे!"

"देते," आवाज म्हणाला.

आईंची मान छातीवर पडली.

मग क्लेग वर्तुळाबाहेर पाय टाकायला निघाला, आणि आईंनी डोळे उघडले. त्यांनी क्लेगकडे बघितलं, फळ्यांवरच्या खडूकडे बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.

"कुणी घाण केली ही? आणि हा कोण मेला छत्रीवाला? विनी, घरात माणसं आणतेस ती निदान पाय पुसणारी आण गं."

विनिफ्रेडनं वाकून बाहीनंच खडू पुसायला घेतला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. क्लेगनं पाणी मागितलं, ते उभ्या उभ्या प्यायला आणि गेला. त्यानंतर मंडळ भरलं नाही. वसंताच्या सुमाराला तो दुकान विकून स्कारबरोला भावाकडे राहायला गेल्याचं तिच्या कानावर आलं.

*

आई झपाट्यानं सुधारल्या. काठी टेकत खोलीत फिरू लागल्या, उजवा हातही थोडा उचलू लागल्या. जीभ तर पूर्वीपेक्षा धारदार झाली. याला चहा म्हणतात का, गटाराला असाच रंग असतो. शेजारणीच्या मुलीला घोड्याचे दात आहेत. धर्मोपदेशक प्रवचनात झोपतो आणि लोकांना झोपवतो. अँब्रोझ एकेका टोमण्यावर खूश होई. विनिफ्रेडही निमूट ऐके. बोलणं लागलं की तिला आत कुठेतरी हायसं वाटे. ही तीच होती, नक्की तीच.

पुढे एके दिवशी आईंनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची मागवली. आपल्या खुर्चीशेजारी, शेगडीकडे तोंड करून ठेवायला लावली.

"मऊ गादी घाल तिच्यावर. ती नको, टोचते. निळी घाल."

"कुणी यायचंय का?" अँब्रोझनं विचारलं.

"यायला कोण येतंय मला भेटायला? शोभेला ठेवते. तुझ्या बायकोच्या पडद्यांनी तर शोभा येत नाही."

विनिफ्रेडनं ते उत्तर मनात पुन्हा पुन्हा घोळवून बघितलं. त्या आवाजाला उडवाउडवी येत नव्हती. ही उडवाउडवी होती, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. असं तिनं स्वतःला समजावलं, आणि बऱ्याच अंशी समजूत पटली.

मार्चमधल्या एका दुपारी ती चहाचे कप उचलायला आत गेली. ऊन पडलं होतं, गिरण्यांचा धूरही त्या दिवशी कमी होता. आई विणत बसल्या होत्या. रिकाम्या खुर्चीवरची निळी गादी मध्ये दबलेली दिसली, म्हणून ती नीट करायला विनिफ्रेडनं हात घातला.

गादी कोमट होती.

"राहू दे गं," आई सुया न थांबवता हळूच म्हणाल्या. "माझ्यामागे उभी राहून दमली होती. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."